मणका कुणाला दाखवायचा?

कंबरदुखीवर सल्ला मागावा लागत नाही, तो चालून येतो. काकांची कंबर धरल्यापासून तासगावात ज्याला कळलं त्याने एकेक डॉक्टर सुचवला. एकाने हाडवैद्य सुचवला, आणि एकाने तर कंबरेचा पट्टाच घरी आणून दिला. काका एसटीत चालक होते, आता निवृत्त आहेत. आई सरकारी रुग्णालयात अस्थिरोग वॉर्डात परिचारिका होती, तीही निवृत्त आहे. काकांनी पुण्यातल्या एका नावाजलेल्या मणक्याच्या सर्जनची तारीख घेतली. आईने विचारलं, कशाला? त्यावरून जी वादावादी झाली ती जमेल तशी इथे उतरवली आहे. दोघांच्या बोलण्यातल्या काही गोष्टी मी मागाहून तपासल्या, त्या मधे मधे घातल्या आहेत.

काका: वहिनी, दुखणं माझं आहे आणि पैसेही माझेच जाणार आहेत. मला एकदाच मोठ्या माणसाला दाखवून मोकळं व्हायचंय. गाडीचं इंजिन बसलं तर आम्ही नाक्यावरच्या गॅरेजला नेत नव्हतो, विभागीय कार्यशाळेत धाडत होतो.

आई: धाडायच्या आधी डेपोतला मेकॅनिक बघायचा ना? काय बिघाड आहे ते कागदावर लिहून द्यायचा ना? तुम्ही पुण्याला काय लिहून नेणार?

काका: एमआरआय आहे की. एल-फोर एल-फाइव्हची गादी सरकलीय. मणक्यात गॅप आलाय.

आई: मी वाचलाय तो रिपोर्ट. ‘सरकली’ असं त्यात कुठेही नाही. गॅपही नाही. चकती जराशी फुगलीय, एवढंच आहे. तुमच्या वयाच्या दहा जणांना रस्त्यावरून उचलून त्या मशीनमध्ये झोपवा, निम्म्याहून जास्त जणांच्या रिपोर्टात हेच वाक्य येईल. त्यातल्या कितीकांना कंबर दुखणं म्हणजे काय हेही ठाऊक नसेल.

काका: म्हणजे माझं दुखणं खोटं?

आई: दुखणं शंभर टक्के खरं. फोटोत दिसतंय तेच त्याचं कारण, हे मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही.

आई अंदाजाने बोलली होती, पण आकडे तिच्या बाजूचे निघाले. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर माणसांचे स्कॅन ज्यांत होते असे अनेक अभ्यास एकत्र करून 2015 मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. चकती फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत 30 टक्के, साठीत 69 टक्के आणि ऐंशीत 84 टक्के. झीज तर ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत. आपल्याकडे रिपोर्ट आधी रुग्णाच्या हातात पडतो, मग रुग्ण तो मोबाइलवर वाचतो, आणि डॉक्टरांसमोर जाईपर्यंत ‘डीजनरेशन’ या शब्दाने त्याची झोप उडालेली असते. काका त्या रिपोर्टानंतर वाकून चप्पलही घालेनासे झाले. त्याआधी घालत होते.

काका: ठीक आहे, फोटो सोडा. पण माझ्या पोराचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. चोविसाव्या वर्षी त्याची कंबर दुखायला लागली. इथल्या डॉक्टरने वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या. वजन उचलू नको, तालीम बंद कर, आराम कर. शेवटी पुण्याला नेला तेव्हा कळलं की हा संधिवाताचा प्रकार आहे. तेव्हाच मोठ्या डॉक्टरकडे नेलं असतं तर पोराची ती वर्षं वाया गेली नसती. आता माझ्याही बाबतीत मी तेच करू?

या मुद्द्यावर आई गडबडेल असं मला वाटलं होतं.

आई: भाऊजी, त्या वर्षांत तुम्ही त्याला मोठ्या डॉक्टरकडे नेलं नव्हतं? मला आठवतंय तसं दोन हाडांच्या सर्जनना दाखवलं होतं, एक कोल्हापूरचा होता. एमआरआयसुद्धा झाला होता.

काका: झाला होता. नॉर्मल आला होता.

आई: कमरेच्या मणक्यांचा काढला होता. त्याचा आजार माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना पाठीचा कणा आणि कटीचं हाड जोडणारे सांधे असतात, त्यांत होता. तिथला फोटो कुणी काढलाच नाही. आणि फोटोच्याही आधीचा प्रश्न कुणी विचारला नाही. तो पोरगा सकाळी उठायचा तेव्हा कंबर लाकडासारखी ताठ, तास-दीड तास तसाच. पहाटे दुखण्याने जाग यायची. तालमीत जाऊन घाम गाळला की मोकळा, आणि रविवारी लोळत पडला की जास्त त्रास. कंबरदुखी असून हालचालीने बरं वाटतं आणि आरामाने बिघडतं, असं तिशीच्या आतलं पोर सांगतंय म्हटल्यावर त्याला संधिवाताच्या डॉक्टरकडे धाडायला पाहिजे होतं. पुण्याला गेल्याने नाही कळलं, भाऊजी. योग्य शाखेच्या डॉक्टरकडे गेल्याने कळलं. तो डॉक्टर सांगलीत बसला असता तर सांगलीत कळलं असतं.

या आजाराला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. तो बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो, आणि निदानाला अनेक वर्षं लागतात ही तक्रार जगभर आहे. त्याला ‘कंबरदुखी’ समजून आराम सांगणं म्हणजे नेमका उलटा उपाय. आमच्या घरात ते घडलं, आणि ते लहान डॉक्टरकडे घडलं तसं मोठ्याकडेही घडलं. काकांच्या रागातला हा भाग मला आईपेक्षा जास्त पटतो: कुणीतरी विचारायला हवं होतं.

काका: मग हे मला कोण सांगणार? तुमच्यासारखी वॉर्डात आयुष्य काढलेली वहिनी प्रत्येकाच्या घरात नसते. माणसाला कंबर दुखते एवढंच कळतं. ती हाडाची आहे, नसांची आहे की वाताची आहे हे ठरवून त्याने दार शोधायचं? दाराबाहेर पाटी लिहिलेली असते ‘मणकातज्ज्ञ’. आत कोण बसलंय ते कुठे कळतंय?

आई: ते खरं आहे. म्हणून तर म्हणते, आधी असा डॉक्टर बघा जो तुम्हाला टेबलावर झोपवून तपासतो.

काका: म्हणजे आपला नेहमीचा? त्याच्याकडे सत्तर माणसं बाकावर बसलेली असतात. कंबर म्हटलं की कमरेत इंजेक्शन. आणि पुढे चिठ्ठी दिलीच तर कुठल्या दवाखान्याची देतो आणि का देतो, हे काय मला कळत नाही? कट असतो त्यात.

आई: सगळे तसे नसतात.

काका: सगळे नसतात, पण जो माझ्या वाट्याला येतो तो कसा हे मी कसं ओळखू?

कटाचा विषय काकांनी हवेतून काढलेला नाही. रुग्ण पाठवण्याबद्दल दिल्या-घेतल्या जाणाऱ्या दलालीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्र सरकारने 2017 मध्ये कायद्याचा मसुदा तयार करून घेतला होता. त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा ‘फॅमिली डॉक्टर सांगेल तिकडे जा’ हा सल्ला पुस्तकात बरोबर असला तरी तासगावच्या बाकावर बसलेल्या माणसाला तो पटेलच असं नाही. आईलाही हे ठाऊक आहे. चाळीसेक वर्षं तिने दुसऱ्या बाजूने ते पाहिलं आहे. तिने मग वाट बदलली आणि थेट काकांनाच तपासायला घेतलं.

आई: बरं, डॉक्टर राहू द्या. मी विचारते त्याची उत्तरं द्या. ताप येतो का? वजन आपोआप उतरलंय? रात्री घामाने अंथरूण भिजतं?

काका: नाही. वजन वाढलंय उलट.

आई: घरात कुणाला टीबी झाला होता? मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून आहे, वॉर्डात यायचे. कंबर दुखते म्हणून महिनोन्महिने मालिश करून घेतलेले.

काका: नाही.

आई: पूर्वी कॅन्सर? दम्यासाठी किंवा कशासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस? पडलात, आदळलात?

काका: नाही हो.

आई: कळ पायात उतरते? गुडघ्याच्या खाली? पाऊल उचलताना चप्पल निसटते?

काका: मांडीपर्यंत येते कधीमधी. खाली नाही.

आई: चालताना पिंढऱ्या भरून येऊन थांबावं लागतं, आणि बसलं किंवा पुढे वाकलं की सुटतं, असं?

काका: चालताना उलट बरं वाटतं. बसलं की दुखतं. टीव्हीसमोर जास्त.

आई: सकाळी किती वेळ ताठर असते?

काका: चहा होईपर्यंत.

आई: लघवीला बसल्यावर सुरू व्हायला वेळ लागतो का, कळायचं बंद झालंय का? आणि जिथे घोड्यावर मांड टाकून बसतो, तो भाग बधिर वाटतो का? पुढचा, मागचा, सगळा?

या प्रश्नाला काका जमिनीकडे बघायला लागले आणि मी उठून आत जावं असं त्यांना वाटत असावं. मी गेलो नाही. आई वॉर्डातल्या आवाजात तोच प्रश्न पुन्हा विचारत राहिली, शेवटी काका ‘नाही’ म्हणाले.

आई: लाजायचं कारण नाही. द्राक्षबागेत डबे उचलणारी एक बाई आमच्याकडे आली होती. दोन्ही पायांत कळा, आणि तीन-चार दिवस खालचा भाग बधिर. लघवी होत नव्हती. सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायची लाज. कंबरदुखीच्या गोळ्या खात राहिली. ऑपरेशन त्याच रात्री झालं, पाय वाचले. लघवीवरचा ताबा पुरता आला नाही. ती वेळेवर बोलली असती तर कदाचित आला असता. त्या बाईला फॅमिली डॉक्टर नको होता, व्यायाम नको होता, दुसरं मत नको होतं. तिला सर्जनच हवा होता, आणि तोही त्याच दिवशी.

काका: मग तुम्ही सर्जनच्या विरुद्ध नाही म्हणायच्या.

आई: सर्जनच्या विरुद्ध कोण आहे? पाऊल लटकं पडायला लागलं, लघवी अडली, मणक्यात गाठ किंवा पू झाला, चालता चालता दर शंभर पावलांवर बसावं लागायला लागलं, तर मी स्वतः तुम्हाला गाडीत घालून नेईन. पण तुमच्या सगळ्या उत्तरांत सर्जनचं काम मला एकही दिसलं नाही. सर्जनकडे कापायची कला आहे. कापण्यासारखं काही नसेल तर तो तुम्हाला काय देणार? प्रामाणिक असेल तर म्हणेल, व्यायाम करा. तेवढं ऐकायला पुणं?

काका: मोठ्या माणसाने सांगितलं तर मनाला पटतं. ते कमी आहे का?

(हे वाक्य आईने सोडून दिलं. मला ते सोडून देण्यासारखं वाटलं नाही. तीस-बत्तीस वर्षं स्टिअरिंगमागे बसलेल्या, खड्ड्यांचे धक्के कंबरेत घेतलेल्या माणसाला ‘धोक्याचं काही नाही’ हे कुणीतरी अधिकाराने सांगावं लागतं. ते ऐकूनच कित्येकांचं वाकणं पुन्हा सुरू होतं. ही गरज खोटी नाही. ती भागवण्याचं ठिकाण महाग आहे, एवढंच.)

आता शाखांचा गोंधळ. यावर दोघं बराच वेळ बोलले, त्यातलं कामाचं एवढंच. हाडांचे सर्जन आणि मेंदूचे सर्जन, दोघेही मणक्याची ऑपरेशन्स करतात. कुठली पदवी हे विचारण्यापेक्षा रोजच्या कामात मणक्याची ऑपरेशन्स किती आणि गुडघे किती, हे विचारावं. न्यूरोलॉजिस्ट ऑपरेशन करत नाही. ‘न्यूरोला दाखव’ म्हणणाऱ्याला न्यूरोसर्जन अभिप्रेत आहे की न्यूरोलॉजिस्ट हे बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं. पेन क्लिनिकमधले डॉक्टर बहुधा भूलशास्त्राकडून आलेले असतात आणि एक्स-रेखाली नेमक्या जागी इंजेक्शन देतात. पायात उतरणाऱ्या कळेला त्याचा काही काळ उपयोग होऊ शकतो, पण नुसत्या कंबरदुखीत पहिलं दार ते नव्हे.

आणि एक शाखा अशी आहे जिचं नाव काकांनी ऐकलंच नव्हतं.

आई: फिजिअॅट्रिस्ट. एमबीबीएस करून मग पुनर्वसनात एम.डी. केलेला डॉक्टर. औषधं लिहितो, तपासण्या सांगतो, इंजेक्शन देतो, फिजिओथेरपिस्टकडून काम करून घेतो, पण ऑपरेशन करत नाही. मुंबईला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची यांची मोठी संस्था आहे.

काका: हाजी अलीला मी गाडी घेऊन कितीदा गेलोय. कधी पाटी दिसली नाही.

आई: तुम्ही समुद्राकडे बघत असाल.

ती अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था 1955 पासून तिथे आहे. तिचं नाव माणसं अपंगत्वाशी जोडतात आणि ते बरोबरही आहे; पण वर्षानुवर्षं रेंगाळणारी कंबरदुखी हेही पुनर्वसनाचंच काम आहे. जिल्ह्याच्या गावी असा डॉक्टर मिळणं अवघड. न मिळाला तर हाडांचा डॉक्टर आणि चांगला फिजिओथेरपिस्ट यांची जोडी पुरते, असं आईचं म्हणणं. काकांचा फिजिओथेरपीवर विश्वास उडालेला होता.

काका: दहा सिटिंग केली की. काडीचा फरक नाही.

आई: काय केलं त्या दहा सिटिंगमध्ये?

काका: झोपवायचे, शेक द्यायचे. मग ते जेल लावून फिरवायचं मशीन. मग वजनं बांधून कंबर ताणायची. झोप छान लागायची.

आई: आणि व्यायाम?

काका: कागद दिला होता छापलेला.

आई: मग तुम्ही फिजिओथेरपी केलीच नाही. तुम्ही झोपून आलात.

इथे आईच्या मागे जागतिक आरोग्य संघटना उभी आहे. तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या, विशिष्ट कारण नसलेल्या कंबरदुखीसाठी संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये पहिल्यांदा मार्गदर्शक सूचना काढल्या. कंबर ताणणं, अल्ट्रासाउंडचं मशीन, विजेच्या बारीक धक्क्यांचं मशीन आणि कंबरेचा पट्टा, या चारही गोष्टी नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं त्यांत आहे. करावं असं जे सांगितलं आहे त्यात दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, मानसोपचाराच्या काही पद्धती, दाह कमी करणारी औषधं; आणि मालिश व मणका हाताळण्याच्या पद्धतीही आहेत. म्हणजे काकांचा हाडवैद्य अगदीच निकालात निघत नाही. पण ‘प्रशिक्षित हात’ ही अट त्यात आहे, आणि टीबी किंवा ठिसूळ हाडं नाहीत याची आधी खात्री केल्याशिवाय कुणी मणक्याला झटका देऊ नये. आपल्या गल्लीबोळांतल्या फिजिओथेरपी क्लिनिकांत सर्वांत जास्त काय चालतं? शेक, ताण आणि मशीन. पैसे मशीनचे लागतात, रुग्णालाही मशीनने काहीतरी झाल्यासारखं वाटतं. माझं मत विचाराल तर पहिल्याच भेटीत जो तुम्हाला खाटेवरून उतरवून वाकायला, उठायला, वजन उचलायला लावतो आणि पुढच्या आठवड्यात ‘केलं का?’ म्हणून उलटतपासणी घेतो, तो फिजिओथेरपिस्ट धरावा. दुसरा सोडावा, त्याचं क्लिनिक कितीही वातानुकूलित असलं तरी.

काका: मानसोपचार म्हणजे? माझं डोक्यात आहे म्हणायचंय का त्यांना?

आई: डोक्यात नाही. पण निवृत्त झाल्यापासून तुम्ही घराबाहेर पडता किती? झोपता किती? दुखणं कधी वाढतं, पेन्शनचं पत्र आलं नाही त्या आठवड्यात की इतर वेळी?

काका: आता एसटीच्या पेन्शनवर बोलू नका.

त्यावर खरोखरच बोलणं झालं नाही. गोळ्यांवर झालं. काका मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून रोज घेत होते, बरोबर रक्तदाबाची गोळी सुरू. आईने पाकीट बघितलं आणि तिचा पारा चढला. ही गोळी रोज घेतली की पोटात जखम होऊ शकते, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. वय साठीपुढे आणि रक्तदाब आधीचाच असेल तर हा हिशेब आणखी वाईट. तिचा पहिला हुकूम हा होता की पुणं, मिरज, काहीही असो, आधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासा.

काका: तुमचं म्हणणं आपण मान्य करू. व्यायाम, फिजिओ, सगळं. पण खर्च बघा. ऑपरेशन सांगितलं तर जन आरोग्य योजना आहे, विमा आहे, काहीतरी सुटतं. व्यायामाला कोण पैसे देतो? आठवड्यात तीनदा सांगलीला जायचं, रिक्षा, फी. ऑपरेशन स्वस्त पडतं मला!

यावर आईकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. आपल्याकडचे विमे आणि योजना माणूस दाखल झाला की जाग्या होतात. तपासायला अर्धा तास देणारा डॉक्टर आणि तीन महिने मागे लागणारा फिजिओथेरपिस्ट यांचं बिल घरच्याच खिशातून जातं. योग्य तज्ज्ञ शोधण्यात अज्ञान जितकं आड येतं तितकाच हा पैशांचा उतार आड येतो; माणूस त्या उतारावरून आपोआप ऑपरेशन थिएटरच्या दिशेने घरंगळतो.

आई: समजा पुण्याच्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं. मग काय करणार?

काका: करणार. एवढा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर.

आई: दुसऱ्याला विचारणार नाही?

काका: दुसऱ्याला विचारलं तर पहिला चिडतो.

आई: चिडला तर तेवढ्यावरून तो कळला. फाइल, रिपोर्ट, सीडी मागून घ्यायची. तो तुमचा हक्क आहे. दुसरं मत घ्यायचाही आहे. आणि ते त्याच इस्पितळातल्या दुसऱ्या खोलीत नाही घ्यायचं, बाहेर घ्यायचं. जमलं तर ऑपरेशन न करणाऱ्या डॉक्टरचं. विचारायचं, नाही केलं तर सहा महिन्यांत काय होईल? केलं तर कंबरेचं दुखणं जाईल की पायाचं? पायाची कळ जायला ऑपरेशन चांगलं. नुसत्या कंबरेच्या दुखण्याला, फुगलेल्या चकतीवर बोट ठेवून ऑपरेशन सांगत असतील, तर मी दहादा विचार करीन.

दुसऱ्या मताचा हक्क आरोग्य मंत्रालयाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. आणि पायात उतरणाऱ्या कळेबद्दल आई बोलली त्यावर नेदरलँड्समधला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला होता. दीड ते तीन महिने सायटिकाने, म्हणजे अशाच कळेने, हैराण झालेल्या 283 जणांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन ठरवलं, निम्म्यांना थांबायला सांगितलं. ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच, 95 टक्के बरे. थांबलेल्यांतल्या 39 टक्क्यांना मात्र मधेच ऑपरेशन करून घ्यावं लागलं. मी हे जेवताना वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, ‘बघा, थांबलं तरी चालतं.’ काका म्हणाले, ‘बघा, दहातल्या चौघांना करावंच लागलं.’ आणि दोघांचंही चुकत नव्हतं. काकांची कळ गुडघ्याखाली उतरतच नाही, त्यामुळे हा अभ्यास त्यांना लागूच नव्हता. ते मी तिसऱ्यांदा सांगितलं.

शेवटी तोड निघाली ती मिरजेची. आमच्याकडे, आणि पलीकडे कर्नाटकात अथणी-चिकोडीपर्यंत, आजारी माणसाबद्दल पहिला प्रश्न ‘मिरजेला दाखवलं का?’ हाच असतो. 1894 मध्ये मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून या गावाला डॉक्टरांची सवय आहे. आता तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी दवाखान्यांच्या रांगा आहेत. आईचं म्हणणं, शासकीयच्या अस्थिरोग ओपीडीत रांग लावा. तिथे रांग मोठी असते, पण तुम्हाला कापण्यात कुणाचा फायदा नसतो. काकांचं म्हणणं, रांगेत उभं राहूनच कंबर मोडेल.

काका: बरं, जातो. पण पुण्याची तारीख मी रद्द करणार नाही.

आई: नका करू. पण जाताना एक कागद न्या. कधीपासून दुखतं. सकाळी किती वेळ ताठर. कळ कुठपर्यंत. काय केलं की वाढतं, काय केलं की कमी होतं. आजवर कुठल्या गोळ्या, किती दिवस. आणि दुखण्यामुळे कुठलं काम बंद पडलंय ते. तपासल्याशिवाय, नुसता एमआरआय उजेडाकडे धरून जो निकाल देईल, त्याच्याकडून उठून या. मिरजेचा असो की पुण्याचा.

काका: आणि पुण्याच्यानेही व्यायामच सांगितला तर?

आई: तर त्याला नमस्कार करा, तो चांगला डॉक्टर आहे.

माझं मत आईच्या क्रमाच्या बाजूने आहे: आधी नीट तपासणारा, मग दुखण्याच्या जातीप्रमाणे शाखा, आणि सर्जन त्याचं काम असेल तेव्हा. पण हा क्रम पाळायची जबाबदारी आपण पूर्णपणे रुग्णावर टाकली आहे, ही काकांची तक्रार मला तितकीच खरी वाटते. पुण्याची तारीख अजून आहे. पट्टा कपाटावर गेला आहे. क्रिएटिनिनचा रिपोर्ट उद्या येईल.

वाचकांना मात्र एक विनंती, ती पुढच्या तारखेपर्यंत थांबण्यासारखी नाही. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर कुठला तज्ज्ञ चांगला याची चौकशी करत बसू नका. ज्या इस्पितळात एमआरआय आणि मणक्याचा सर्जन दोन्ही आहेत तिथे त्याच रात्री जा, आणि ही गोष्ट घरात सांगायला लाजू नका.